शिसं, बेराइट आणि गारगोटी: दोन हजार वर्षांपूर्वीची चिनी काच करून बघताना

मूसवाला
मंडळी, काढीन काढीन म्हणता हा धागा आज काढतोय. टाइल्सच्या कारखान्यात ग्लेझ (टाइलवरचा काचेसारखा चकचकीत थर) खात्यात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. भाची एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिच्या प्रयोगशाळेत मफल फर्नेस (बंद पेटीची भट्टी) आहे, धूर ओढून घेणारं कपाट आहे, आणि सुट्टीच्या दिवशी ती मला तिथे लुडबूड करू देते.

खूळ डोक्यात शिरलंय ते प्राचीन चिनी काचेचं. इजिप्तची, रोमची काच म्हणजे ढोबळमानाने वाळू, सोडा, चुना. चीनमध्ये युद्धमान राज्यांच्या काळात (इ.स.पू. ४७५ ते २२१) आणि पुढे हान राजवटीत जी काच व्हायची तिच्यात मात्र शिसं आणि बेरियम. शिशाचं ऑक्साइड कधी २० टक्के, कधी ४०च्या वर. बेरियमचं ५ पासून २० पर्यंत. तिच्या मण्यांपासून मेलेल्याच्या जिभेवर ठेवायच्या सिकाड्यापर्यंत (आपला रातकिडा नव्हे, झाडावर किर्र करणारा तो) सगळं केलेलं सापडतं.

पहिला घाणा: शेंदूर (मारुतीला लावतात तोच, म्हणजे लाल शिसं), बाजारचं बेरियम कार्बोनेट आणि गारगोटीची वस्त्रगाळ पूड. तापल्यावर ४० भाग शिशाचं ऑक्साइड, १५ बेरियमचं आणि ४५ सिलिका उरेल असा हिशेब. १००० अंशांवर तीन तास. मूस (काच वितळवायचं भांडं) कलती केली तर मधासारखी धार! पिवळसर, स्वच्छ काच. थंड झाल्यावर हातात घेतली आणि भाचीकडे बघितलं. गोटी एवढीशी आणि वजन धोंड्याचं.

मग वाटलं, ही तर लबाडी झाली. बाजारचं कार्बोनेट त्यांच्याकडे कुठलं? त्यांनी बेराइट वापरला असणार, म्हणजे बेरियम सल्फेटचा तो पांढरा जड दगड. शिशाच्या खनिजाबरोबर एकाच शिरेत सापडतो. म्हणून दुसरा घाणा बेराइट घालून. वर दुधावर साय धरावी तशी पांढरी साय, खाली गढूळ काच, आणि झाकण उघडताच गंधकाचा ठसका. तिसऱ्या घाण्यात साय फोडायला कोळशाची पूड टाकली. जरा जास्तच पडली. काच काळपट झाली आणि मुशीच्या बुडाशी हरभऱ्याच्या डाळीएवढे शिशाचे मणी.

आता प्रश्न. पहिल्या घाण्यात काच हुबेहूब जमली, पण तो रस्ता त्यांचा नव्हता. दुसरा कदाचित त्यांचा, पण त्यात माझी काच बिघडली. मग असे प्रयोग करून आपल्याला नक्की काय कळतं? आणि उपप्रश्न: त्यांनी बेरियम जाणूनबुजून घातलं की ते शिशाच्या खनिजातून आपसूक आलं?

निळाई
वा! वाचनखूण साठवली. फोटो?

मूसवाला
चढवतोय, चढत नाहीयेत. नातवाला विचारून सांगतो.

डॉ_सावध
फोटो नंतर, आधी हे. हे वाचून कोणी घरच्या गॅसवर शेंदूर तापवायला बसू नका. ९०० अंशांच्या पुढे शिशाचं ऑक्साइड वाफ होऊन उडायला लागतं. ती वाफ छातीत जाते आणि तिथून हाडात जाऊन बसते. बेरियम कार्बोनेट तर उंदराचं विष म्हणून वापरायचे. आमच्याकडे एक्स-रेच्या आधी जे बेरियम मील पाजतात ते सल्फेट. ते कशातच विरघळत नाही, म्हणून पोटातून निमूट जातं. मूसवालांच्या घाण्यात ते विरघळेना यात नवल काही नाही.

चौकस_काका
म्हणजे लहानपणी मी जे खडूचं पाणी प्यालो ते वितळवलं असतं तर माझ्या पोटात चिनी काच झाली असती? हलकं घ्या.

उलटतपासणी
शिसं विसरलात काका. ते तुमच्या पेन्सिलीत असेल असं म्हणणार होतो, पण तिथे ग्रॅफाइट असतं :)

मूळ मुद्दा. हे बेरियम सापडलं कसं ते मजेशीर आहे. १९३४ साली बेक आणि सेलिगमन या दोघांनी 'नेचर'मध्ये एक छोटं टिपण दिलं: चीनमधल्या जुन्या मण्यांमध्ये बेरियम आहे. पश्चिमेच्या काचेत ते जवळजवळ नसतंच. तोवर समजूत अशी की चिन्यांना काच येत नव्हती, जी सापडते ती बाहेरून आलेली. ती समजूत या एका मूलद्रव्याने हलली. पुढे अमेरिकेत कॉर्निंगच्या काच संग्रहालयातल्या रॉबर्ट ब्रिल यांनी शिशाच्या समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) प्रमाणं मोजली, ती खाणीगणिक बदलतात, आणि त्यावरूनही हे शिसं चीनचंच ठरलं.

म्हणजे घटक कोणते ते पृथक्करणाने कधीच सांगितलंय. मग तुमच्या भट्टीने त्यात काय भर घातली? पोह्यात काय काय आहे ते चाखून कळतं, त्यासाठी पुन्हा पोहे करायला नकोत.

कुंभारकन्या
@उलटतपासणी, चाखून घटक कळतात. पोहे आधी भिजवले की नंतर, फोडणीत हिंग कधी पडला, हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. मी मातीकाम करते, ग्लेझ स्वतः कालवते. ज्या नोंदीवर नुसती टक्केवारी असते तिच्यावरून आजवर एकदाही पहिल्या फटक्यात रंग आलेला नाही. भट्टी किती भराभर चढली, आत धूर कोंडला का, मूस कुठली, यातलं काहीच टक्केवारीत उतरत नाही.

मूसवाला, मुशीचं बूड बघितलंत का? शिसं माती खातं. माझ्याकडे एकदा शिशाचं फ्रिट (आधी वितळवून दळलेली काच) असलेलं ग्लेझ भट्टीतल्या शेल्फवर ओघळलं आणि शेल्फला वाटीएवढा खळगा पडला.

मूसवाला
काय बोललात! चौथ्या घाण्यात मूसच गळली. फायरक्लेची होती, रात्रभर ठेवली होती. सकाळी फर्नेसच्या तळाला काचेचं थारोळं. भाची दोन दिवस बोलली नाही. उरलेला तुकडा तिने तपासायला दिला तर त्यात ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, मातीत असतं ते), जी मी घातलीच नव्हती. मुशीतून आली.

आता गंमत अशी की जुन्या शिसं-बेरियम काचेत ॲल्युमिना सहसा कमीच दिसते. म्हणजे एक तर त्यांनी काच फार वेळ शिजवत ठेवली नाही, नाहीतर त्यांची मूस माझ्यापेक्षा बरी होती. मला पहिलं पटतं. शिशाची काच लवकर पातळ होते, सरपण आणि वेळ दोन्ही वाचतात.

उलटतपासणी
हे मात्र चाखून कळलं नसतं. एक गुण तुम्हाला.

समुद्रपक्षी
नोकरीनिमित्त काही वर्षं शांघायला होतो. हुनानमधल्या चांगशाच्या संग्रहालयात या काचेच्या 'बी' बघितल्यात. बी म्हणजे मध्ये भोक असलेली चकती, मूळची जेड या हिरवट मौल्यवान दगडाची, थडग्यात प्रेताबरोबर ठेवायची. काचेची बी साधारण बशीएवढी, रंगाने दुधाळ हिरवट. एका अंगाला धान्याच्या दाण्यांसारखे उठाव ओळीने, दुसरं अंग सपाट, खरबरीत. म्हणजे साच्यात ओतलेली. जेडची बी दोन्ही अंगांनी कोरलेली असते, तिच्यासाठी कारागीर महिनोन्महिने घासत बसायचा. चुच्या राज्यातल्या (हुनान, हुबेइ) थडग्यांत अशा काचेच्या बी ढिगाने निघाल्यात. मला बघताना वाटलं, ही त्या काळची एक ग्रॅम सोन्याची माळ.

मूसवाला, तुमची काच स्वच्छ आली म्हणता. त्यांना स्वच्छ नकोच होती. जेडसारखी हवी होती!

मूसवाला
@समुद्रपक्षी, तुम्ही माझी झोप उडवलीत. खरंच की. मी गढूळ काच 'बिघडली' म्हणून बाजूला टाकली. बेरियमची काच सावकाश थंड केली की तिच्यात बेरियम सिलिकेटचे बारीक स्फटिक धरतात आणि ती दुधाळ होते. कारखान्यात आम्ही याला दोष म्हणायचो. डोक्यात तोच चष्मा.

निळाई
शिवाय वजन! खिडकीची काच पाण्याच्या अडीचपट, जेड साधारण तिप्पट आणि शिसं-बेरियमवाली साडेतीनपट किंवा जास्तच. साधी काच हातात घेतल्यावर हलकी लागून फसवणूक उघडी पडली असती. हिच्यात तो धोका नाही.

शब्दवेडी
अवांतर, पण राहवत नाही. काचेला जुन्या चिनीत 'ल्यौली' म्हणतात. ते आधी 'बि-ल्यौली' होतं आणि ते आलं आपल्या 'वैडूर्या'वरून! संस्कृत वैडूर्य, पालीत वेळुरिय. तिथून एक फांदी चीनकडे गेली. दुसरी ग्रीकांकडे, तिथे झालं 'बेरुल्लोस', त्यातून इंग्रजी बेरिल. फारसीतला 'बिल्लौर'ही याच घराण्यातला मानतात, आणि त्याच्यावरून आपला बिलोरी आरसा आणि बिलोरी चुडा. म्हणजे बिलोरी आणि ल्यौली चुलत बहिणी, एकीचं सासर पश्चिमेला, दुसरीचं पूर्वेला.

चौकस_काका
म्हणजे शेवटी काच आपलीच! मी म्हणतच होतो.

शब्दवेडी
शब्द आपला, काका. काच त्यांची. माल आला की नाव येतंच, पण नाव आलं म्हणून पाककृती येत नाही.

वाळूचा_कण
काकांना थोडा दिलासा देतो. हान काळातल्या दक्षिण चीनच्या बंदरांत, ग्वांगशीतल्या हपूच्या थडग्यांत, भारतीय बनावटीचे बारीक मणी निघतात. पण त्यांचं रसायन वेगळं: खारपट मातीतला सोडा, ॲल्युमिना भरपूर, बेरियम नाही. आपल्याकडच्या काचेवर मो. गं. दीक्षितांचा ग्रंथ १९६९ साली मुंबई विद्यापीठाने काढला. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत १९४५-४६ ला सांकलियांबरोबर उत्खनन करणारे तेच. मणी या विषयात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

पण मूसवालांच्या प्रश्नाला धरून एक फरक सांगतो. बारीक ओढीव मणी कसे करायचे ते आपल्याकडे विचारायची सोय आहे. आंध्रात तिरुपतीजवळ पापनायडुपेटला पोकळ नळी ओढून मणी तोडायची जुनी रीत टिकून राहिली आणि अभ्यासकांनी ती समोर बसून टिपून घेतली. चीनमधली शिसं-बेरियम काच मात्र हान काळानंतर ओसरलीच. कारागीर नाहीत, घराणं नाही, विचारणार कोणाला? तिथे भट्टी लावूनच बघावं लागणार.

समुद्रपक्षी
ओसरल्यावर काय झालं त्याचीही एक नोंद आहे. उत्तर वेइ या राजवटीच्या इतिहासात म्हटलंय की पाचव्या शतकात सम्राट ताइवूच्या काळी राजधानीत (आजचं दातोंग) पश्चिमेकडच्या युएझी लोकांच्या देशातून व्यापारी आले. म्हणाले, आम्ही दगड वितळवून पंचरंगी ल्यौली करतो. डोंगरातून दगड आणून करून दाखवली, ती पश्चिमेच्या मालापेक्षा चमकदार निघाली. पुढे वाक्य आहे की तेव्हापासून देशात ल्यौली स्वस्त झाली आणि लोकांना तिचं अप्रूप राहिलं नाही.

चौकस_काका
चायना माल स्वस्त झाला याची इतिहासातली पहिली नोंद!

तळटीप_तात्या
त्याहून जुना आणि मूसवालांच्या जास्त कामाचा दाखला वांग छोंगचा. पहिल्या शतकातला, 'लुनहंग'चा कर्ता. तो लिहितो की ताओपंथी लोक पाच दगड वितळवून पाच रंगांचं जेड करतात आणि चमक बघितली तर खऱ्या जेडहून वेगळी नाही. वांग छोंग कशावरही पटकन विश्वास ठेवणारा नव्हे, अख्खं पुस्तक भाकडकथांची सालं काढण्यात घालवलंय त्याने. त्यामुळे त्याचं म्हणणं मी गांभीर्याने घेतो. दगडांची नावं मात्र देत नाही लेकाचा.

हान_जांभळा
माझा आयडी आज कामाला आला. पदार्थविज्ञानवाला आहे.

बेरियम जाणूनबुजून की आपसूक, याला काचेबाहेरून एक पुरावा आहे. शीआनच्या मातीच्या सैनिकांवर जो जांभळा रंग आहे तो 'हान जांभळा', म्हणजे बेरियम कॉपर सिलिकेट. निसर्गात असा जांभळा उचलून आणता येत नाही, तो भट्टीतच करावा लागतो. स्मिथसोनियनच्या फ्रीअर गॅलरीत एलिझाबेथ फिट्झह्यू आणि लिंडा झायकरमन यांनी त्याचा भाऊबंद निळा १९८३ ला आणि हा जांभळा १९९२ ला ओळखून मांडला. हान काळातल्या या रंगाच्या अष्टकोनी कांड्याही सापडल्यात.

आता बघा. काचेत बेरियम ५ टक्के झालं काय आणि १५ झालं काय, काच होतेच. रंगाचं तसं नाही. बेरियम आणि तांबं अणूला अणू जुळवून लागतात, तपमानही ९०० ते १०००च्या आसपास धरून ठेवावं लागतं, जास्त तापलं की जांभळा बिघडतो. प्रयोगशाळांमध्ये करून बघितलंय, आणि त्यात शिशाचं ऑक्साइड थोडं घातलं की बेराइट बऱ्याच कमी तपमानाला फुटतो असं दिसलं. म्हणजे बेराइट हा निराळा दगड आहे हे कोणाला तरी ठाऊक होतं आणि शिशाबरोबर तो घ्यायचा हेही.

(अवांतर: हाच जांभळा २००६ साली भौतिकीत गाजला. शून्याच्या अगदी जवळ थंड करून २३ टेस्लाच्या वरच्या चुंबकीय क्षेत्रात ठेवला तर त्याच्या वागण्यातून एक मितीच गळून पडते.)

चौकस_काका
आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पण वेळ ही मिती गळून पडते.

उलटतपासणी
@हान_जांभळा, रंगारी आणि काचवाला एकच होते हे कशावरून? एकाला ठाऊक म्हणजे दुसऱ्याला ठाऊक असं नाही. आपल्याकडे सोनार आणि तांबट शेजारी शेजारी बसायचे, पण कोणी कोणाला गुपित सांगितलंय?

हान_जांभळा
मान्य. पण बेराइट दोघांनाही लागणार, आणि तो शिशाच्या खनिजाबरोबरच सापडतो. आणि बेराइट नजरेआड राहणारा दगड नाही, पाण्याच्या साडेचारपट जड. पांढऱ्या गारगोटीच्या ढिगात हात घातला की तोच हाताला लागतो.

संपादक_नाही_मी
हा धागा वर काढतोय. मूसवाला तीन आठवडे गायब. कोणी बघितलंय का त्यांना? की परत मूस गळली?

कुंभारकन्या
की भाची परत बोलेना?

मूसवाला
आलो आलो. तिघांच्या प्रतिसादांनी कामाला लावलं होतं: समुद्रपक्षींच्या 'दुधाळ हवी होती'ने, जांभळ्यांच्या दगडाने, आणि उलटतपासणींच्या पोह्यांनी.

बाजारची पूड सोडून यावेळी दगडापासून सुरुवात केली. भाचीच्या ओळखीने गॅलेना (शिशाचं खनिज) आणि बेराइट एकात एक गुंतलेले खनिजाचे ढेकूळ मिळाले. गॅलेना चकचकीत करडा, सुरम्याचा असतो तसा, मध्ये पांढरे पट्टे. आधी खलात कुटून तसंच्या तसं भाजलं, निवडलं काही नाही. पाच ढेकळांचे पाच घाणे. पाचही तऱ्हा निराळ्या! एकात बेरियम नावाला, काच पिवळी आणि आरपार. एकात इतकं की अर्धं विरघळलंच नाही, दहीभातासारखी दिसते. तीन मधल्या. म्हणजे 'आपसूक आलं' म्हणायचं तर काच अशीच लहरी निघणार. एकेक मणी ठीक आहे, पण समुद्रपक्षी म्हणतात तशा ढिगाने एका छापाच्या बी काढायच्या तर हे चालणार नाही.

मग पांढरा आणि करडा हाताने वेगळा केला. नातवाला बसवलं, त्याने डोळे मिटून नुसत्या वजनावर गारगोटीतून बेराइट वेचला, दहात एखादा चुकला. भाजलेला गॅलेना, बेराइट, गारगोटी, कोळसा अगदी चिमूटभर. बेराइट इतका बारीक वाटला की बोटांत कण लागेना. आधी भरड होता म्हणून साय धरत होती, हे आता कळलं. सहा तास. साय जवळजवळ नाही. तांब्याचा कीस कणभर घातला होता, त्याने फिकट हिरवट छटा आली.

मग बी ओतायची हौस. कुंभारकन्येला फोनवर विचारून मातीचा साचा केला, आत काडीने दाण्यांचे खळगे टोचले. ओतली, फर्नेसमध्ये परत ठेवली, सावकाश निववत नेली. पहाटे दोनला फर्नेसमधून टण् असा आवाज. सकाळी बघतो तर बी मधोमध दुभंगलेली. पण तुकडा दुधाळ, कडेला उजेड धरला की आत हिरवट पाण्यासारखं. दाणे उठलेत. मागचं अंग सपाट आणि खरबरीत, साच्यातून येतं तसंच. समुद्रपक्षी, अगदी तसंच.

समुद्रपक्षी
अंगावर काटा.

उलटतपासणी
अभिनंदन, मनापासून. तरी माझं तुणतुणं: त्यांनी असंच केलं हे अजूनही सिद्ध नाही. त्याला त्यांची मूस हवी, भट्टीतला कचरा हवा, फुटका साचा हवा. तुम्ही सिद्ध केलंत ते एवढंच की न निवडता नेहमी सारखी काच मिळत नाही.

मूसवाला
बरोबर, आणि मला तेवढं पुरे आहे. माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला माझ्या बिघडलेल्या घाण्यांनीच दिलं. पहिल्या, फक्कड जमलेल्या घाण्याने काहीही शिकवलं नाही, तो मी मुकाट्याने पेपरवेट केलाय.

निळाई
सगळं ठीक. फोटो?

मूसवाला
नातवाची परीक्षा आहे. शनिवारी. त्याच दिवशी जाड मूस आणि दुप्पट सावकाश निववून दुसरी बी ओततोय. कुंभारकन्या, साच्याच्या मातीत भुसा किती घालू?

कुंभारकन्या
तीनास एक. आणि यावेळी भोक आधी नका पाडू, साच्यात खुंटी ठेवलीत तर काच आक्रसताना तिथूनच तडकते. भोक नंतर घासून पाडा.